साधे सेल की चार्जिंगचे? घरातल्या कोणत्या वस्तूला काय घालावं, आणि आपल्या मे महिन्याचं काय?

यावलकर

नमस्कार मंडळी.

मी भुसावळला असतो, आई-अप्पा गावी, यावल तालुक्यात. घरची केळी आहे. दोन्ही घरांचे सेल आणायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. आजवर दुकानात जायचं, "पेन्सिल सेल द्या चार" म्हणायचं आणि यायचं, एवढंच केलं. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या, आणि आता नीट समजून घेतल्याशिवाय मी एकही सेल विकत घेणार नाही.

पहिली गोष्ट आईच्या बीपी मशीनची. रविवारी गावी गेलो तर मशीन सुरूच होईना. मागचं झाकण उघडलं. चारातल्या दोन सेलांच्या बुडाशी पांढरी भुकटी साचलेली, एक स्प्रिंग हिरवी पडलेली, बोट लावलं तशी तुटून हातात आली. आई दोन आठवडे बीपी न मोजता गोळ्या घेत होती. मला कळवलं का नाही विचारलं, तर म्हणे, "तुले कशाले तरास."

दुसरी गोष्ट अप्पांची. आमच्याकडे आठवड्याचे काही दिवस शेतीची लाईट रात्री असते. ठिबक असलं तरी वॉल्व्ह फिरवायला मळ्यात जावंच लागतं. अप्पा निम्म्या बांधावर असताना टॉर्च बसली. आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, बिबट्या त्या भागात नवा नाही. मोबाईलच्या उजेडात कसेबसे घरी आले. टॉर्च चार्जिंगचीच होती, थेट प्लगला लावायची. आदल्या रात्री पूर्ण चार्ज केली होती, असं ते शपथेवर सांगतात.

आता घरातली यादी: भिंतीवरची घड्याळं तीन, टीव्हीचे आणि सेट-टॉप बॉक्सचे रिमोट, गॅस गीझर, बीपी मशीन, बायकोच्या लॅपटॉपचा बिनवायरचा माऊस, मुलाची रिमोटची गाडी (ही आठवड्याला चार सेल खाते) आणि अप्पांची टॉर्च. सरसकट चार्जिंगचे घ्यावेत का? आणि मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखाली जी भट्टी पेटते, त्यात ते टिकतात का? जाणकारांनी सविस्तर सांगा.

---

सिग्नलवाले_काका

यावलकर, आईंचं वाचून जीव हळहळला. सगळं आजच लिहून टाकतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात माझी सगळी नोकरी सेल आणि बॅटऱ्यांबरोबर गेली आहे.

सरसकट एकच जात घेऊ नका. वस्तू सेलाकडून किती करंट ओढते, ते आधी पाहायचं.

भिंतीवरचं घड्याळ एक मिलिअँपिअरसुद्धा ओढत नाही. साधा झिंक-कार्बनचा सेल त्यात वर्षभर आणि त्याहून जास्त आरामात जातो. हिशोब करा. साधा सेल १५ रुपयांचा आणि चांगला चार्जिंगचा सेल २५० चा धरला, तर घड्याळात त्याचे पैसे वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील. तोवर तो सेल जगणार नाही. रिमोटचंही तेच. या दोन्हींत साधाच घाला. फक्त दर दिवाळीला, चालत असला तरी, बदलून टाका. साध्या सेलाचं जस्ताचं भांडं हेच त्याचं खाद्य. सेल उतरत जातो तसं ते आतून पातळ होतं, मग पाणी सुटतं. संपलेला सेल आतच राहिला की वस्तू खाऊन टाकतो. आईंच्या मशीनमध्ये बहुधा हेच झालं असावं.

मुलाची गाडी मात्र उलट. आठवड्याला चार म्हणजे महिन्याला सोळा सेल, १५ च्या भावाने २४० रुपये. चार चार्जिंगचे सेल आणि बरा चार्जर मिळून १८०० ला पडले तरी सात-आठ महिन्यांत फिटले. लाईटबिलाची काळजी करू नका. एक पेन्सिल सेल भरायला, वाया जाणारी वीज धरूनही, चार-पाच वॅट-तास लागतात. एका युनिटमध्ये दोनशे सेल भरतील.

घेताना निकेल-मेटल हायड्राइडचे घ्या, आणि त्यातही कमी गळतीचे, म्हणजे नुसते पडून राहिले तरी फार न उतरणारे. जुन्या पद्धतीचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच उतरायचे, म्हणून लोकांचा विश्वास उडाला होता. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाने कमी गळतीचे सेल आणले (आता ते पॅनासॉनिककडे आहेत), नंतर इतर कंपन्यांनीही काढले. वेष्टनावर "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टू यूज" लिहिलेलं असतं, तीच खूण. पेन्सिल सेलावर २००० एमएएचच्या (सेलात किती वीज मावते त्याचं हे माप) आसपास आकडा असला की पुरे. मोठा आकडा पाहून भुलू नका. २५०० च्या वरचे सेल सहसा कमी वेळा चार्ज होतात आणि लवकर थकतात.

एक फरक ध्यानात ठेवा. साधा किंवा अल्कलाइन (हाही चार्ज न होणारा, पण साध्याहून जास्त टिकणारा) सेल दीड व्होल्टला सुरू होऊन हळूहळू खाली येत राहतो. चार्जिंगचा सेल बहुतेक वेळ १.२ व्होल्टला धरून बसतो आणि शेवटी एकदम पडतो. म्हणून काही वस्तू भरलेल्या सेलालाही "सेल कमी आहे" म्हणतात. सेल खराब नसतो, ती वस्तू दीड व्होल्टच्या हिशोबाने बनवलेली असते.

आता मे. तुमची शंका रास्त आहे. मी म्हणेन की आपल्याकडे हे सेल वापराने कमी मरतात, उन्हाने जास्त मरतात. उष्णता वाढली की सेल आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, दर दहा अंशांना साधारण दुप्पट. चाळिसाच्या वर चार्जिंगला लावला तर तो चार्ज नीट घेत नाही, घेतलेल्यातलं बरंचसं उष्णतेत जातं आणि आयुष्य घटतं. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालची खोली किती तापत असेल! तेव्हा मार्च ते जून चार्जर पहाटे लावा, खालच्या खोलीत, भिंतीच्या कडेला, फरशीवर. दुपारी चार्जिंग अजिबात नको. सेल फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नाही. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, ते वाईट.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या, भरला की स्वतः थांबणारा. जोडीजोडीने, ठरावीक तास चालणारे स्वस्त चार्जर भरलेल्या सेलालाही तापवत बसतात. बाजारात मिळणारे निम्मे चार्जिंगचे सेल मला वाटतं अशा चार्जरांनीच मारले असतील.

---

यावलकर

काका, एवढं कुणी कधीच सांगितलं नव्हतं. आमचा चार्जर माळ्यावर असतो, पत्र्याच्या बरोबर खाली. आजच खाली आणतो.

एक राहिलं. लहानपणापासून ऐकतोय की पूर्ण उतरवल्याशिवाय सेल चार्ज करू नये. खरं का?

---

सिग्नलवाले_काका

ते निकेल-कॅडमियमच्या काळातलं. त्या सेलांना तशी खोड होती. आताच्यांना निम्म्यावर असतानाही चार्ज केलं तरी चालतं. उलट ठार उतरवणं वाईट. चारातला एक कमजोर असला आणि तुम्ही गाडी रडेपर्यंत चालवलीत, तर बाकीचे तीन त्याला उलट्या दिशेने ढकलतात आणि तो कायमचा जातो. म्हणून चारही सेल एकाच दिवशी आणलेले असावेत, एकत्रच वापरावेत. मी माझ्या सेलांवर मार्करने 'अ १, अ २' असं लिहितो.

---

धुळ्याची_लेक

गीझरबद्दल मी सांगते, कारण यात आम्ही पोळलो आहोत.

धुळ्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. गॅस गीझर गॅलरीत, बाहेरच्या भिंतीवर. त्यात दोन मोठे सेल लागतात, ठिणगीसाठी आणि आतला गॅसचा वॉल्व्ह उघडा धरून ठेवण्यासाठी. दरवर्षी साधे सेल लवकर बसायचे, म्हणून मी चार्जिंगचे पेन्सिल सेल घेऊन ते मोठ्या सेलाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डब्यांत घातले. पहिले काही आठवडे झकास चालले. मग एका सकाळी सासूबाई अंघोळीला बसल्या आणि गीझर नुसतं टक-टक-टक करत राहिलं, पेटेना. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या थंडीत बसून राहिल्या, मी धावत चुलीवर पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची छाती भरली. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून गीझरला अल्कलाइनचे मोठे सेल, दर नोव्हेंबरला नवे. एक जोडी स्वयंपाकघराच्या खणात तयार ठेवते. टक-टक लांबायला लागली की त्याच दिवशी बदलते, वाट पाहत नाही.

अजून एक. गीझरच्या तळाची सेलांची डबी काढून पाहा. आमच्या डबीच्या पत्तीवर हिरवा गंज चढला होता, बारीक पॉलिश पेपरने घासला तर जुन्या सेलांवरही ठिणगी लागली. बाथरूमच्या वाफेने होतं ते. आधी पत्ती घासा, मग सेलाला दोष द्या.

---

सिग्नलवाले_काका

ताई, तुमच्या निरीक्षणाला कारण आहे. डबीत घातलेला पेन्सिल सेल २००० एमएएचचा, अल्कलाइनचा मोठा सेल दहा हजारांच्या वर. शिवाय दोन चार्जिंगचे मिळून २.४ व्होल्ट, गीझरला हवेत तीन. थंडीत साधा सेल सुस्तावतो, अल्कलाइन त्याहून बरा टिकतो. गीझरला तुमचा निर्णय योग्य आहे.

यावलकर, आईंच्या मशीनची पत्ती साफ करताना आधी सेल कोणता होता ते पाहा. अल्कलाइनची भुकटी असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, साध्या सेलाची असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी. अगदी थोडं, मग कोरडं पुसून दिवसभर वाळवा. हाताला लागू देऊ नका, डोळ्यांपासून लांब ठेवा.

---

अहिर_खान्देशी

काका, एक इचारू का? आम्हना आजा ट्रान्झिस्टरना सेल उन्हमा ठेये. दुपारभर तपनात का सांजले आकाशवाणी जळगाव परत लागे. हाई खरं शे का नुसतं मननं समाधान?

---

सिग्नलवाले_काका

खरं आहे भाऊ, माझे वडीलही ठेवायचे. साध्या सेलात वापरताना कार्बनच्या दांडीभोवती रासायनिक कचरा साठतो आणि करंट अडतो. विश्रांती आणि ऊब मिळाली की तो थोडा पांगतो, राहिलेली ताकद बाहेर पडते. पण ती नवी नसते, उरलेलीच असते. तास-दोन तासांचं गाणं मिळतं. मात्र तोवर जस्ताचं भांडं पातळ झालेलं असतं, त्यात ऊन, म्हणजे सेल फुटून पाणी सुटायची वाट मोकळी. आजोबांच्या ट्रान्झिस्टरच्या सेलाच्या कप्प्यात गंज होता का, आठवून पाहा. चार्जिंगचा किंवा लिथियमचा सेल तर चुकूनही उन्हात ठेवू नका.

---

अहिर_खान्देशी

व्हता, काका. सगळी पत्ती खायी गयती. आजा तठे चांदीना कागद दाबी दाबी चालाडे.

---

सातपुडा_गुरुजी

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक बाजू राहते आहे. मी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेत आहे. पावसाळ्यात लाईट गेली की दिवस-दिवस येत नाही. माझ्याकडे चार्जिंगचे उत्तम सेल आहेत, चार्जरही काका सांगतात तसाच. तिसऱ्या दिवशी सगळे रिकामे. तेव्हा आठवडे बाजारातला साधा सेलच रात्री रस्ता दाखवतो.

म्हणून "चार्जिंगचे घ्या, पैसे वाचतील" हा सल्ला ज्याच्या घरी रोज लाईट आहे त्यालाच द्यावा. आमच्याकडे मुलांच्या घरांत एक टॉर्च असते, तीवर अख्खं कुटुंब रात्री बाहेर जातं. त्यांना १८०० रुपये एकदम काढायला सांगणं मला पटत नाही, हिशोबाने पुढे कितीही वाचत असले तरी.

मी स्वतः आता असं करतो: चार चार्जिंगचे रोजच्या वापराला आणि चार अल्कलाइन न फोडलेल्या पाकिटात. अल्कलाइनवर तारीख छापलेली असते, ते कित्येक वर्षं पडून राहिले तरी चालतात. सौर पट्टीवर यूएसबी चार्जर लावून सेल भरता येतात, पण ढगाळ दिवसांत फार आशा ठेवू नये.

---

सिग्नलवाले_काका

गुरुजी, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं.

---

चोपडेकर

ते नवीन यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल कसे आहेत? जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पाहिले. सेलालाच टाईप-सीचं भोक आहे, वेगळा चार्जर लागत नाही. ३००० लिहिलंय.

---

पीजे_पॅसेंजर

मी वापरतो. ३००० च्या पुढचं एकक वाचा, ते एमएएच नसून मिलिवॅट-तास असेल. दीडने भागलं की २०००. म्हणजे चांगल्या निकेलच्या सेलाएवढेच, नुसता आकडा मोठा.

आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम सेल असतो आणि एक सर्किट ते दीडवर आणतं. त्यामुळे शेवटपर्यंत पक्के दीड व्होल्ट मिळतात. १.२ वर कुरकुरणाऱ्या वस्तूंना हे उत्तर आहे. तोटे दोन. त्या सर्किटमुळे रेडिओत, विशेषतः मीडियम वेव्हला, खरखर येते. आणि संपताना पूर्वसूचना नाही, खटकन बंद. माऊसला ठीक, पण यावलकरांच्या अप्पांच्या हातात मी तो देणार नाही.

टॉर्चबद्दल माझं स्पष्ट मत: आत शिशाची बॅटरी असलेली प्लगची टॉर्च घेऊच नका. ती काही आठवडे उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पाट्यांवर सल्फेट चढतं. मग रात्रभर चार्ज करा, दिवा हिरवा लागतो, पण दहा मिनिटांत बसते. अप्पा खरंच सांगत होते, त्यांनी चार्ज केली होती.

त्याऐवजी सेल काढता-घालता येणारी एलईडी टॉर्च घ्या, १८६५० मापाचा सेल बसणारी. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून ते नाव. दोन सेल ठेवा, एक टॉर्चमध्ये, एक खिशात. फक्त आकड्यांपासून सावध. या मापाच्या खऱ्या सेलात ३५०० एमएएचच्या आसपासच बसतं. ९९०० लिहिलेला सेल दिसला तर खुशाल खाली ठेवा. आणि हे ३.७ व्होल्टचे सेल घड्याळ-रिमोटच्या जागी कधीच नाहीत. त्यांचा पेन्सिल सेलाच्या मापाचा भाऊ मिळतो, १४५०० नावाचा. दिसायला तसाच, वस्तू मात्र जाळतो.

---

चोपडेकर

धन्यवाद. मी मागच्या वर्षी यात्रेतून ६८०० लिहिलेला आणला होता, हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता.

---

आईची_माया

मूळ विषयाला थोडं सोडून आहे, पण लिहिते. यावलकरांच्या घरी लहान मूल आहे म्हणून.

बटण सेल जपा. कार-स्कूटरच्या किल्लीत, वजनकाट्यात, वाजणाऱ्या खेळण्यांत सीआर२०३२ नावाचा चपटा असतो, वीस मिलिमीटरचा. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं. सेल संपलेला असला तरी. उलटी काढायला बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि एक्स-रे काढायला सांगा. माझ्या भाचीच्या बाबतीत आम्ही वेळेत पोचलो. सेलाचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं मी घरात ठेवत नाही. जुना काढलेला सेलसुद्धा टेबलावर राहू देत नाही.

---

वरणबट्टी

संपलेल्या सेलांचं काय करता सगळे? आमच्याकडे शेकोटीत टाकतात, फट्ट आवाज येतो म्हणून मुलं मुद्दाम टाकतात.

---

सिग्नलवाले_काका

आधी ते बंद करा. बंद डबा तापला की फुटतो, डोळ्यात उडालं तर डोळा जातो.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती लहान सेलही परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सेलावर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्यासाठीच. तालुक्याच्या गावी दुकानदार घेतीलच असं नाही. मी प्लास्टिकच्या बरणीत साठवतो, टोकांना चिकटपट्टी लावून, आणि जळगावला गेलो की ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. पत्र्याच्या डब्यात किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू नका. लिथियमचे आणि नऊ व्होल्टचे तर मुळीच नाही. दोन्ही टोकं धातूला लागली की तापून पेटू शकतात.

---

यावलकर

आखाजीला गावी आलोय, म्हणून काय केलं ते कळवतो.

घड्याळं आणि रिमोटना साधे, आत कागदाच्या चिठ्ठीवर तारीख. गाडीला आणि माऊसला चार्जिंगचे, चारांवर 'अ', दोनांवर 'ब' लिहून. चार्जर आता देवघराच्या फरशीवर असतो. पहाटे पाचला आई दिवा लावते तेव्हाच बटण दाबते. तीन आठवडे झाले, बाहेर ४४ अंश असूनही सेल हाताला कोमटच लागतात. माळ्यावर असताना हात लावून पाहिला की चटका बसायचा. गीझरची पत्ती घासली. थंडी लागायच्या आत अल्कलाइन आणीन.

आईच्या मशीनची स्प्रिंग शहरात बदलून मिळाली. मशीनला ॲडाप्टरचं भोक होतं, कुणी पाहिलंच नव्हतं! ते लावलं. सेल फक्त लाईट नसेल तेव्हा, वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवलेले. दर रविवारी आकडा मला फोनवर सांगते. आज १३४/८४ होता.

अप्पांना १८६५० ची टॉर्च आणि दोन सेल दिले. काल रात्री लाईट बारानंतर आली, मीही त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो. उजेड पार शेवटच्या ओळीपर्यंत जात होता. परतताना खिशात काहीतरी खुळखुळलं म्हणून विचारलं, तर दुसरा सेल त्यांनी मोटरघराच्या किल्ल्यांबरोबर ठेवला होता. तिथेच बांधावर काढून घेतला. सध्या तो आईच्या रिकाम्या हिंगाच्या प्लास्टिक डबीत आहे, आणि डबी अप्पांच्या वरच्या खिशात.